पहिला स्फटिक सुईचा

मेणकुदळे सरांची आणि माझी ओळख झाली ती चिंधीत बांधून नेलेल्या हुलग्यांमुळं. मी येरमाळ्याची. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, एम.एस्सी.ला प्रवेश घेतला होता आणि रोज एस.टी.नं ये-जा करत होते. पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आधी सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती: सोमवारी येताना प्रत्येकानं घरून मूठभर कडधान्य आणावं. इतर मुलांनी दुकानातून स्वच्छ मूग, मसूर, पांढरेशुभ्र छोले आणले. माझी चिंधी सोडली तर टेबलावर आधी राखच सांडली. मागच्या बाकावर हसू फुटलं आणि माझे कान तापले.

सर जवळ आले. चिमूटभर राख बोटांवर घेऊन त्यांनी वास घेतला आणि विचारलं, राख कशाची? मी म्हटलं, तुराट्यांची. तूर झोडपल्यावर उरतात त्या काड्यांची. कुणी लावली? आईनं, कीड लागू नये म्हणून. आईचं नाव काय? मला वाटलं, आता घरी तक्रार जाते. घाबरत घाबरत म्हटलं, द्रौपदी. सरांनी जाडजूड नोंदवही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: 'हुलगा, येरमाळा. साठवण तुराट्यांच्या राखेत. देणार श्रीमती द्रौपदीबाई.' माझ्या आईचं नाव तोवर रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडून कुठंही लिहिलं गेलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणाली, 'लई भारी माणूस दिसतोय, पण आधी राख धुऊन घ्या म्हणावं.'

सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि स्नेही मिळून हा गौरवग्रंथ काढत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. लेख पाठवा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत एक सूचनाही केली: 'तो मिठाचा प्रसंग तेवढा टाळा, मॅडम. मंगल कार्य आहे.' मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. सरांच्या नावाला सतरा वर्षं चिकटून बसलेली ती गोष्ट खरी कुणाची आहे, हे गेल्या महिन्यापर्यंत जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक मी. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी नेमका तोच प्रसंग लिहिणार आहे. पण आधी सर कोण, काय, ते सांगते.

सर मूळचे बेंबळीचे. घराणं व्यापाऱ्यांचं, महादेवाचे निस्सीम भक्त. आडतीचं दुकान, पुढं डाळ करायची छोटी गिरणी. लहानपणी सर शाळेतून आले की पोत्यांवर बसून अभ्यास करायचे आणि अभ्यास करता करता पोत्यातले दाणे दातांनी फोडून खायचे. एक दाणा चावून ते तूर यंदाची की गेल्या सालची, हे सांगत. प्रयोगशाळेतही त्यांची ती सवय गेली नाही. लाखमोलाच्या यंत्रांशेजारी उभं राहून आमचे विभागप्रमुख कटकन् हरभरा फोडायचे आणि म्हणायचे, 'ह्यो जुना हाय, ह्याच्यातनं काय निघायचं न्हाय.' आणि निघायचंही नाही.

त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला तो कडधान्याच्या दाण्यात साठवलेल्या प्रथिनांचा. विषय अवघड वाटतो, पण सर तो आमच्या आयांनाही समजावून सांगत. दाणा म्हणजे झाडाचं लेकरू आणि त्याच्यासोबत आईनं बांधून दिलेली शिदोरी. मातीत पडल्यावर मुळं फुटून पानं येईस्तोवर त्यानं काय खायचं? ती शिदोरी म्हणजे ही साठवणीची प्रथिनं. आपण डाळ खातो म्हणजे त्या लेकराची शिदोरी पळवतो. आता ही शिदोरी बांधलेली कशी असते, तिची गाठ कुठं आणि घडी कुठं, हे डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी ते प्रथिन इतर सगळ्यांतून वेगळं काढायचं आणि त्याचा स्फटिक करायचा. स्फटिकात त्याचे कोट्यवधी कण शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत उभे राहतात. मग त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडं ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून आतला नकाशा काढता येतो. या जातीचं एक प्रथिन तीन सारख्या तुकड्यांचं असतं. सर सांगायचे, 'तीन दगडांची चूल बघितली न्हवं? तसं. एक दगड काढला की झालं, भांडं बसत न्हाय.'

सरांना हुलग्याच्या प्रथिनाची चूल बघायची होती. हुलगाच का, असं मी एकदा विचारलं. मोठ्या लोकांनी मोठी कडधान्यं घेतली आहेत, आपल्या वाट्याला आपलं, असं म्हणून ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून काकूंनी सगळ्यांसाठी हुलग्याचे शेंगोळे पाठवले. काकूंचं माहेर सीमेपलीकडचं. प्रयोगशाळेतून कुणीही त्यांच्या दारात उभं राहिलं की आधी 'ऊटा आयता?' विचारायच्या. जेवण झालं का, एवढं कानडी आमच्या विभागातल्या प्रत्येकाला येतं. आणि झालं असं सांगितलं तरी पान वाढलं जायचं, हेही प्रत्येकाला माहीत आहे.

स्फटिक करायची रीत ऐकायला सोपी आणि करायला जीव खाणारी. काचेच्या छोट्या चकतीवर प्रथिनाचा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून ती एका वाटीवर ग्रीस लावून घट्ट बसवायची. वाटीत तीव्र क्षाराचं द्रावण. थेंबातलं पाणी हळूहळू उडून वाटीत जातं, थेंब घट्ट होत जातो आणि नशिबात असेल तर त्यात स्फटिक धरतो. एका ट्रेमध्ये अशा चोवीस वाट्या. धक्का लागला की खेळ संपला, ऊन लागलं की संपला. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूची, रस्त्यापासून सगळ्यांत लांबची एक अडगळीची खोली सरांनी त्यासाठी मागून घेतली होती. तिथं चप्पल बाहेर काढूनच जायचं. देवाचं कारण नव्हतं, टाचा आपटू नयेत हे कारण होतं. पण प्राचार्यांनी एकदा उंबऱ्याशी हात जोडल्याचं मी पाहिलं आहे.

आणि त्या खोलीचा एक नियम होता: पहिला स्फटिक सुईचा, दुसरा यंत्राचा. त्याचं कारण असं की, थेंबात जे चमकतं ते प्रथिनच असेल असं नाही. पुष्कळदा ते साधं मीठ असतं. मीठ म्हणजे आपलं जेवणातलंच असं नव्हे, कुठलाही क्षार. दिसायला दोन्ही सारखेच देखणे. पण प्रथिनाचा स्फटिक अर्ध्याहून जास्त पाण्यानं भरलेला असतो, म्हणून मऊ असतो. बारीक सुईनं दाबला की शिळ्या पेढ्यासारखा चुरतो. मिठाचा टणक असतो, टक् करून तडकतो किंवा सुईखालून निसटतो. म्हणजे खरा आहे का हे कळायला तो मोडावाच लागतो. कितीही देखणा असो, कितीही महिन्यांनी आलेला असो, पहिला मोडायचा. सर स्वतः मोडत, आणि मोडताना त्यांचा चेहरा जराही बदलत नसे.

खरेपणाची ही त्यांची सवय खोलीपुरती नव्हती. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं गिरणीच्या डाळीच्या पिशवीवर 'अधिक प्रथिनयुक्त' असं छापायचं ठरवलं आणि सरांकडून चिठ्ठी मागितली. सरांनी चहा पाजला, नमुना ठेवून घेतला, दोन दिवस स्वतः बसून तपासला आणि चिठ्ठी दिली: 'इतर डाळींइतकीच.' भाऊ त्या दिवाळीला बोलले नाहीत. पाडव्याला सर आपण होऊन त्यांच्या दारात जाऊन बसले आणि फराळ करूनच उठले. चिठ्ठी मात्र बदलली नाही.

आता तो प्रसंग.

मी सरांकडं पीएच.डी.ला होते आणि तीन वर्षं हुलग्यानं मला दाद दिली नव्हती. ट्रेमागून ट्रे कोरडे. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं की हे वर्ष शेवटचं. येरमाळ्याला हायवेवर आमचं चहाचं दुकान, येडेश्वरी देवीच्या दर्शनाला येणारी गिऱ्हाइकं, आणि प्रत्येक गिऱ्हाईक अण्णांना विचारायचं, पोरगी अजून शिकतीच का? मला मार्गदर्शक सर लाभले होते, पण घरी दाखवायला चिमूटभर काही नव्हतं.

तो उन्हाळा वाईट होता. महाविद्यालयात टँकर यायचा. आमच्याकडं शुद्ध पाणी करायचं यंत्र होतं, पण त्याची तऱ्हा अशी की एक लिटर शुद्ध पाणी पडेपर्यंत ते थंड ठेवायला घागरींनी पाणी नळीतून मोरीत वाहून जायचं. बाहेर वसतिगृहाच्या मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या आणि आत मी नळी सोडून बसलेली. मला ते बघवेना. पाणी सांडलं म्हणून आईचे धपाटे खाऊन मी मोठी झालेली. शेवटच्या धुण्याला, म्हणजे प्रथिनाची पिशवी पाण्यात सोडून ठेवतात त्या टप्प्याला, मी यंत्र बंद केलं आणि बोअरचं पाणी गाळून वापरलं. म्हटलं, गाळलंय की. एवढ्यानं काय होतंय?

जे झालं ते फार सुंदर होतं. अकराव्या वाटीत एक स्फटिक. एकच. कडा कापून ठेवल्यासारख्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली असा झळकणारा की मी खोलीत एकटीच रडले.

सर तेव्हा बेंबळीला होते. त्यांच्या आई शेवटच्या आजारात होत्या. मी फोन केला. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थात सुईचा. सुई माझ्या हातात होती, खरं सांगते, फोन करण्याआधी अर्धा तास ती हातात धरून मी बसले होते. पण हात पुढं जाईना. एकच होता, तो मोडला तर माझ्याकडं काय उरलं असतं? मी म्हटलं, सर, दोन वाट्यांत दोन आले होते, छोट्याला लावली, त्याचा पार चुरा झाला. सरांनी विचारलं, 'मऊ होता?'

'मऊ होता, सर,' मी म्हटलं.

पलीकडून त्यांचा मोठा श्वास ऐकू आला. मग ते आईला मोठ्यानं कानडीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. त्या माउलीला ते कळलं की नाही कोण जाणे.

पुढं सगळं माझ्या हातातून गेलं. सरांनी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत क्ष-किरणांच्या यंत्राची तारीख मागितली. ती त्यांनी यापूर्वी कधी मागितली नव्हती, कारण खात्री झाल्याशिवाय मागायची नाही हा त्यांचा बाणा. म्हणून तर ती लगेच मिळाली. महाविद्यालयानं दारात फलक लावला. स्थानिक पेपरात बातमी आली, 'हुलग्याच्या प्रथिनाचा स्फटिक'. बेंबळीला त्यांच्या भावानं दुकानावर पेढे वाटले. आणि मी रोज ठरवायची की आज सांगते, आणि रोज कुणीतरी अभिनंदन करायचं.

संस्थेतल्या पडद्यावर ठिपके उमटले ते मोजकेच, मोठाले, एकमेकांपासून लांब लांब. प्रथिनाचे ठिपके दाट असतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तिथला तरुण शास्त्रज्ञ भला होता, तो आमच्याकडं न बघता हलकेच म्हणाला, 'सर, हे मीठ आहे.' मागं कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

'चूक माझी हाय,' सर म्हणाले. 'सुई मी लावायला पाहिजे होती. ती राहिली.'

मी शेजारीच उभी होते, आणि मी काहीही बोलले नाही.

परतीच्या गाडीत सर आपल्याशीच कोडं सोडवत बसले होते, क्षार आला कुठून? वाटीतला तर असा कधी धरला नव्हता. राखेतून आला असेल का, असं त्यांनी दोनदा म्हटलं. आईच्या राखेवर आळ येतोय म्हटल्यावर मला राहवेना, मी बोअरच्या पाण्याचं सांगून टाकलं. सर माझ्याकडं बघतच राहिले आणि मग चक्क हसले. नळी मोरीत सोडवली न्हाय व्हय, एवढंच म्हणाले. कुर्डुवाडीला उतरून आम्ही एस.टी. धरली, बार्शीच्या स्टँडवर माझी येरमाळ्याची गाडी लागेपर्यंत ते थांबले, मला खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. पाण्याचं मी सांगितलं होतं, सुईचं नाही. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं गिळायला सोपं जातं, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः खुर्चीवर चढून फलक उतरवला. शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की ते मीठ होतं आणि परीक्षा करायची राहिली, 'दोष माझा.' पेपरलाही तसंच पत्र पाठवलं. बातमी पहिल्या पानावर आली होती, पत्र आतल्या पानावर आलं. तेव्हापासून सर 'मीठवाले सर' झाले. बेंबळीच्या पारावर लोक विचारायचे, काय अप्पा, मीठ कसं दिलं? सर म्हणायचे, तुमच्यासाठी फुकट. आम्ही पुन्हा तारीख मागितली तेव्हा संस्थेनं सभ्य नकार दिला, पुढच्या वर्षीही दिला. मग सर निवृत्त झाले. हुलग्याची चूल त्यांना बघायला मिळाली नाही. मला मात्र प्रथिन वेगळं काढण्याच्या कामावर पदवी मिळाली, परंड्याच्या महाविद्यालयात नोकरी मिळाली. आणि शुद्ध पाण्याच्या यंत्राच्या नळीखाली सरांनी कायमचं पिंप ठेवून घेतलं, त्यातलं पाणी वसतिगृहाला जाऊ लागलं. ते पिंप मी निघेपर्यंत रोज बघत होते.

सरांच्या निवृत्तीनंतर ती खोली परीक्षेच्या कागदांसाठी गेली. सरांनी ट्रे, सूक्ष्मदर्शक आणि बुचात खोचलेली ती सुई असं सगळं पोत्यात गुंडाळून परंड्याला माझ्याकडं पाठवलं. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. मी कामाला लागले. पाणी शुद्ध, चपला बाहेर. वर्षामागून वर्षं गेली. मुली शिकून गेल्या, नव्या आल्या. हुलगा आईच्याच राखेतला.

गेल्या महिन्यात चौथ्या वाटीत काहीतरी धरलं.

मी सरांना फोन केला. त्यांनी सुईचं विचारलं. मी म्हटलं, नाही लावली, तुम्ही या. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाहत्तरीतले सर एस.टी.नं परंड्याला हजर, हातात काकूंनी दिलेला शेंगोळ्यांचा डबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थोडा थरथरतो. दारात चप्पल काढली, भिंतीला धरून हळूच आत आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, एकच हाय. मी म्हटलं, एकच आहे. माझी विद्यार्थिनी पूजा शेजारी उभी होती, बाकीच्या तिघी तिच्या मागं. ती दोन वर्षं या ट्रेवर बसली आहे आणि तिच्या घरीही कुणीतरी विचारतच असणार. ती हळूच म्हणाली, मॅडम, हा तसाच यंत्राला पाठवू या ना, तारीख मिळाली तर तिथंच कळेल की. मी तिच्याकडं बघितलं. सतरा वर्षांपूर्वीची मीच उभी होते तिथं, फक्त ही बिचारी मोठ्यानं आणि खरं बोलत होती.

सरांनी बुचातली सुई काढली, आपल्या थरथरत्या बोटांकडं बघितलं आणि ती माझ्यापुढं धरली. मी चकती उचलली, उलटी केली, सुई टेकवली. दाबली.

'मऊ हाय का?' सरांनी विचारलं.

'मऊ हाय, सर.'

त्याचा बारीक, ओला चुरा झाला होता. टक् नाही, निसटणं नाही. पूजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आनंदाचं की स्फटिक गेल्याचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आणि मी, विभागप्रमुख बाई, चार विद्यार्थिनींसमोर, सुई हातात तशीच धरून बोलले. म्हटलं, सर, त्या वेळी मी सुई लावली नव्हती. दुसरा स्फटिक नव्हताच. तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी खोटं सांगितलं.

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला.

'तो ट्रे मीच धुतला होता, माय,' ते म्हणाले.

मग मला उलगडलं. सुई लावायची तर चकती उचलावी लागते, ग्रीस मोडतं. मुंबईहून परतल्यावर सरांनी तो ट्रे स्वतः धुतला, आणि चोवीस वाट्यांपैकी तेवीस वाट्यांचं ग्रीस जसंच्या तसं होतं. उघडलेली एकच, यंत्रासाठी उघडलेली. म्हणजे बैठकीत उभे राहिले तेव्हा, पेपरला पत्र लिहिलं तेव्हा, पारावर 'फुकट' म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? सर म्हणाले, माझं नाव जुनं होतं, एवढ्यानं मोडलं नसतं. तुझं नवं होतं. आणि मग नेहमीच्या आवाजात, तुझ्या हातानं एकुलता एक मोडवणार न्हाय हे मला आधी कळायला पाहिजे होतं, म्हणून चूक माझीच होती, ते काय खोटं बोललो न्हाय. हे कुठं लिहू नको, असंही त्यांनी बजावलं.

सर, आजवर तुमचं सगळं ऐकलं, हे ऐकणार नाही. वाचकहो, ज्यांनी ज्यांनी आमच्या सरांना मीठवाले म्हटलं, त्यांनी ते नाव आता माझ्या पत्त्यावर पाठवावं. परंड्यात कुणीही पत्ता सांगेल. पूजाला आणि तिच्या मैत्रिणींना त्या दिवशीच सगळं कळलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्या चौघी नेहमीसारख्या चपला बाहेर काढून कामाला आल्या. मला तेवढं पुरे आहे.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. शंभर हा आकडा मला फार मोघम वाटतो, आणि सरांना मोघम काही आवडत नाही, म्हणून नेमकं सांगते. परवाच पूजानं त्याच बेताचे चोवीस थेंब पुन्हा लावले आहेत. स्फटिक धरायला काही महिने लागतील, कदाचित वर्षही. मग तारीख मागायची, आणि त्या संस्थेला आमचं नाव विसरायला थोडा वेळ द्यावा लागेल. ठिपक्यांवरून नकाशा सोडवायला आणखी दोनेक वर्षं. त्यानंतर ती तीन दगडांची चूल पडद्यावर फिरवून बघायची, आणि ती बघायला तुमचे डोळे, तुमचे गुडघे आणि काकूंचा डबा, सगळं आजच्यापेक्षा बरं हवं. तब्येतीला जपा, गोळ्या वेळेवर घ्या, काकूंचं ऐका.

पहिला सुईचा झाला, सर. दुसऱ्याला तुम्ही हवे आहात.